आगळाची नवी बाटली

तिन्ही बाटल्या होळीनंतर एकाच दिवशी, एकाच बरणीतून भरलेल्या. एक माजघराच्या खिडकीत, दुसरी फडताळात, तिसरी वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी त्या माझ्यासमोर ओळीनं मांडल्या, तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. कागदातल्या बाटलीचा रंग अजून पिकलेल्या रातांब्याचा, जांभळट लाल. फडताळातली थोडी उतरलेली. खिडकीतली पार विटकरी, उकळून ठेवलेल्या चहासारखी.

"वास घेऊन बघा," काकू म्हणाल्या. घेतला. आंबट, खारट, ओळखीचा. तीनही बाटल्यांना सारखाच.

"चवीला काही झालेलं नाही. पण ही खिडकीतली तुम्ही दुकानात बघितलीत तर घ्याल?"

मी घेतली नसती.

अंकासाठी संपादकांनी 'वेष्टन' हा विषय सुचवला, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या जाहिरात विभागात जाऊन बसायची माझी इच्छा नव्हती. एखादं छोटं घर आपला माल नव्या रूपात बाजारात आणतं तेव्हा नेमकं काय काय करावं लागतं, हे बघायचं होतं. ओळखीतून कुडाळ तालुक्यातलं काकूंचं हे घर मिळालं. पंचवीसेक वर्षं ते कोकम आगळ, आमसुलं आणि सरबत विकतंय. लेखाची जाहिरात होऊ नये म्हणून नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलं. मी दोनदा गेलो. एकदा रातांबे उतरत होते तेव्हा, आणि एकदा गणेश चतुर्थीला, नव्या बाटल्या पडवीत मांडल्या होत्या तेव्हा.

बरणीतलं आधी

वेष्टनाची गोष्ट बरणीपासून सुरू करायला हवी. आत काय आहे ते कळल्याशिवाय बाहेर काय हवं ते ठरत नाही.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाशी त्यांची शर्यत असते. वळवाचा एक जोरदार पाऊस आला की झाडावरची फळं कुजायला लागतात आणि अंगणात वाळत घातलेली सालंही हातची जातात. मी गेलो त्या सकाळी मागच्या खळ्यात चार बायका फळं हातानंच फोडत होत्या. साल एका टोपात, गर आणि बिया दुसऱ्यात. बोटं मनगटापर्यंत लाल. आमसुलं करायची तर सालं गराच्या खारवलेल्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात घालायची, पुन्हा वाळवायची. याला पुटं देणं म्हणतात. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळंभोर आणि मऊ. बियांमधून निघतं मुठेल, खोलीत ठेवलं की घट्ट होणारं, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचं.

आगळाचं काम त्याहून साधं आणि त्याहून नाजूक. सालं आणि मीठ बरणीत थरावर थर लावून ठेवायचं, रोज कोरड्या डावानं हलवायचं. मीठ सालातला रस ओढून घेतं, आठ-दहा दिवसांत तळाशी दाट लाल रस जमतो. तो गाळला की झालं आगळ. त्यात पाणी नाही, साखर नाही, टिकवण्यासाठी घातलेलं कुठलंही रसायन नाही. मिठावर आणि स्वतःच्या आंबटपणावर ते वर्षभर टिकतं.

सरबताची गोष्ट वेगळी. त्यात साखर असते आणि बरेच उत्पादक टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट वापरतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमात चालत नाही, कारण त्यातला सल्फर डायऑक्साइड लाल रंगच उडवतो. या घरानं सरबतात काय घातलंय ते लेबलवर लिहिलेलं आहे. हे आधी सांगतो, कारण पुढे सगळी चर्चा लेबलवरच येणार आहे.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या वर्गातल्या रंगद्रव्यांचा. जांभळातला आणि काळ्या द्राक्षातला रंगही याच कुळातला. उजेड, उष्णता आणि हवा हे त्याचे तीन शत्रू. काकूंना हे नाव माहीत नव्हतं, पण तीन बाटल्यांचा प्रयोग त्यांचा स्वतःचा होता.

मेणबत्ती आणि पिवळा कागद

जुनं लेबल मी पाहिलं. पिवळ्या कागदावर लाल शाई, मधोमध पानासकट दोन रातांबे, खाली घरचं नाव आणि गाव. चित्र शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी काढून दिलं होतं. लेबल साध्या खळीनं चिकटवलेलं. बाटलीच्या तोंडाशी एक थेंब ओघळला तरी कागदावर गुलाबी डाग पडायचा, आणि आगळाची बाटली न ओघळता राहणं कठीण. सुरुवातीच्या वर्षांत तर बाटल्याही जुन्याच, धुऊन घेतलेल्या, मिळतील त्या आकाराच्या. कोकणातल्या रस्त्यांवर अजूनही कित्येक ठिकाणी आगळ असंच विकलं जातं.

आमसुलांच्या पिशव्या पातळ प्लास्टिकच्या. तोंड बंद करायची पद्धत मला काकूंनी करून दाखवली. पिशवीचं तोंड करवतीच्या जुन्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरकन् फिरवायचं. वितळलेल्या कडेची बारीक गाठ तयार होते. हात इतका सराईत की ज्योत पिशवीला शिवतेय असं वाटतच नाही. पण ही गाठ पावसाळ्यात दगा देते. आमसुलातलं मीठ हवेतली ओल ओढतं, पिशवीत पाणी सुटतं आणि दुकानदार माल परत पाठवतो.

नवं रूप द्यायचं ठरलं ते काकूंच्या सुनेच्या आग्रहानं. तिचं म्हणणं सरळ होतं. चतुर्थीला आलेले चाकरमानी चार-सहा बाटल्या नेतात, मुंबईला पोचेपर्यंत एक तरी गळते, सगळ्या कपड्यांवर लाल डाग. पुढच्या वर्षी ते दोनच नेतात. ठाण्या-पुण्याहून फोनवर मागणी येते, पण कुरियरवाला गळकी बाटली घ्यायला तयार नाही. शिवाय शहरात कोकम आता अनोळखी राहिलेलं नाही. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या 'पेपर बोट'नं कोकमाचं पेय उभ्या पाऊचमध्ये विमानतळांवर आणि मॉलमध्ये नेलं. ते पिऊन बघितलेली पिढी घरी सोलकढी करायला आगळ शोधते आणि दुकानात तिला डागाळलेली पिवळी बाटली दिसते.

पैशांचा विचार आधी झाला. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या 'पीएमएफएमई' योजनेत वैयक्तिक उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख रुपयांपर्यंत. ब्रँडिंग आणि विक्रीसाठीचं ५० टक्क्यांचं साहाय्य मात्र शेतकरी कंपन्या, सहकारी संस्था आणि बचत गट अशा समूहांसाठी आहे. एकट्या घराला भरण-यंत्र घ्यायला मदत मिळू शकते, लेबलचा खर्च त्यानं स्वतः करायचा. समूहानं एकत्र यावं हा योजनेचा हेतू मला कळतो. पण एका वाडीतल्या एका घराचं नाव टिकवणंही मोलाचं आहे आणि त्याला योजनेत जागा असायला हवी, असं मला वाटतं.

पहिलं चित्र फसलं

घरातली एक भाची मुंबईत उपयोजित कला शिकलेली. मामीसाठी तिनं काम मनापासून आणि बिनपैशांत केलं. पहिलं लेबल पांढरंशुभ्र होतं. वर बारीक इंग्रजी अक्षरांत घरचं नाव, खाली एक लाल ठिपका. रातांबे गेले, पिवळा रंग गेला. मोबाइलवर सगळ्यांना ते फार आवडलं.

मग सुनेनं एक शहाणपणाची गोष्ट केली. घरच्या प्रिंटरवर पाच लेबलं काढली, पाच बाटल्यांना लावली आणि कुडाळच्या ओळखीच्या दुकानात लोणच्यांच्या आणि सरबतांच्या रांगेत दोन दिवस ठेवून दिल्या. दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, "हा काय, शाम्पू?" नेहमीच्या एका आजींनी बाटली उचलून खाली ठेवली आणि त्याच घरचं जुनं आगळ मागितलं. ते शेजारच्या बाटलीत आहे हे त्यांना पटेना.

ही चूक जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांनीही केलेली आहे. २००९ च्या जानेवारीत पेप्सिकोनं अमेरिकेत ट्रॉपिकाना संत्र्याच्या रसाच्या खोक्याचं रूप बदललं. संत्र्यात खोचलेल्या नळीचं जुनं चित्र काढून तिथे रसाचा पेला आणला. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणायचं जाहीर करावं लागलं. रोजचं गिऱ्हाईक फडताळापुढे उभं राहून वाचत नाही. हात ओळखीच्या रंगाकडे जातो. ती खूण पुसली की नेहमीच्या घरी गेल्यावर दार दुसऱ्यानंच उघडावं तसं होतं.

पेप्सिकोकडे ती चूक सोसायला पैसा होता. या घराकडे एका हंगामाचं आगळ होतं.

भाचीनं पुन्हा बसून काम केलं. पिवळा रंग परत आला, जरा हळदीकडे झुकणारा. मास्तरांचे दोन रातांबे तिनं त्याच ठेवणीत नव्यानं रेखाटले, पानाचं वळणसुद्धा तेच. 'आगळ' हा शब्द मोठा, देवनागरीत, हाताच्या वळणाचा. हे दुसरं चित्र काकूंनी बराच वेळ हातात धरलं आणि नवऱ्याला हाक मारली, "बघा ओ, आता कसा दिसता ता!"

छपाईत पुन्हा अडलं. मोबाइलच्या पडद्यावरचा लाल आणि कागदावर उतरणारा लाल एक नसतात. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागद शाईनं. पहिल्या खेपेत रातांबे तपकिरी आले. मग सुनेनं ताजं साल कागदात गुंडाळून छापखान्यात नेलं आणि ते समोर ठेवून शाई जुळवून घेतली. किती छापायची हाही मोठा प्रश्न. ग्रॅव्ह्युअर पद्धतीत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, तो खर्च हजारो पाऊच काढले तरच परवडतो. म्हणून आमसुलांसाठी छापील पाऊच घेतलेच नाहीत. बाजारात तयार मिळणारे उभे राहणारे, झिप असलेले कोरे पाऊच घेतले आणि त्यावर डिजिटल छपाईची लेबलं लावली. डिजिटलमध्ये काहीशे लेबलंही छापून मिळतात. लहान उद्योगानं नवं रूप आणताना हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या छपाईत चूक निघतेच.

मागची बाजू

समोरचं चित्र ठरायला तीन आठवडे लागले. मागच्या बाजूला दोन महिने.

जुन्या लेबलवर 'पित्तनाशक' असं ठळक छापलं होतं. ते आधी काढलं. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा लेबलवर करता येत नाही. भाचीच्या मनात 'शंभर टक्के नैसर्गिक' होतं, तेही गेलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ च्या जूनमध्ये फळांच्या रसांवरचे 'शंभर टक्के' हे दावे काढायला सांगितले होते. मला हे बरंच वाटलं. मीठ आणि कोकम एवढंच ज्यात आहे, त्यानं तेवढंच सांगावं.

उरलं ते सगळं छापायचंच. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, शाकाहाराची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण, प्राधिकरणाच्या बोधचिन्हाखाली चौदा आकडी क्रमांक, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, एका मिलिलिटरमागे किती पडतात तो आकडा, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. अक्षरांचा किमान आकारही नियमात ठरलेला. चहाच्या बशीएवढ्या कागदावर हे सारं बसवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि भाचीच्या कामाचं खरं कौतुक मला इथे वाटलं.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. नियमानं सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी जोडीला वापरायला कुणाची मनाई नाही, पण नुसत्या मराठीनं भागत नाही. बहुतेक उत्पादक म्हणून इंग्रजीवर थांबतात. या घरात काकूंना इंग्रजी येत नाही. सून म्हणाली, "आईंना स्वतःच्या बाटलीवरचं वाचता आलं पाहिजे." म्हणून मागे दोन रकाने झाले, एक इंग्रजी आणि एक मराठी. मराठी रकान्यात एक ओळ काकूंनी स्वतः सांगून लिहून घेतली: आगळ खारट असतं, कढीत आधी मीठ घालू नये. शहरातलं नवं गिऱ्हाईक हीच चूक करतं, असा त्यांचा फोनवरचा अनुभव.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. पण त्याचं चिन्ह छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि ती या घरानं अजून केलेली नाही. लेबलवर त्या चिन्हापुरती जागा मोकळी ठेवली आहे.

किंमत आणि तारीख छापलेली नाही. तिथे कोरी चौकट आहे, बाटल्या भरल्या की हातानं शिक्का मारायचा. हा हट्ट काकूंच्या मुलाचा. तो किती योग्य होता ते पुढे सप्टेंबरात कळलं.

एक बोट फट

आणि मग रंग. मेच्या त्या सकाळी घरात खरा वाद यावरच चालला होता.

सुनेचं म्हणणं, बाटली पूर्ण झाका. उजेड आत गेला नाही की रंग टिकेल. काकूंचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "गिऱ्हाइकाक रंग दिसाक व्हयो." पंचवीस वर्षं त्यांनी पडवीत बाटली उजेडासमोर धरून आगळ विकलंय. घेणारा चवीआधी रंग बघतो. झाकलेली बाटली म्हणजे काहीतरी लपवलंय, असं त्याला वाटतं. आणि गेरूच्या रंगाचं पातळ पाणी आगळ म्हणून विकणारे रस्त्यावर बसलेले असताना त्याला तसं वाटणं चुकीचंही नाही.

दोघींचं बरोबर होतं. खिडकीतली बाटली सुनेच्या बाजूनं साक्ष देत होती आणि दुकानातल्या आजी काकूंच्या बाजूनं.

तोडगा लेबलच्या रुंदीत निघाला. लेबल इतकं रुंद केलं की ते बाटलीला जवळजवळ पूर्ण वेढा घालतं आणि दोन कडांमध्ये बोटभर उभी फट राहते. त्या फटीतून रंग दिसतो. बाटली उजेडासमोर धरली की लाल पट्टी चमकते, फडताळावर ठेवली की फट मागे जाते. दुकानदाराला सांगून ठेवलंय, फट भिंतीकडे. कुरियरच्या खोक्यात बाटली कागदात गुंडाळूनच जाते.

काच की प्लास्टिक हा दुसरा प्रश्न. काचेतून हवा जात नाही. पेटच्या बाटलीतून ती अगदी सावकाश का होईना झिरपते, आणि हवेनंही रंग उतरतो. पण काच जड आणि फुटणारी, कुरियर वजनावर पैसे घेतं. शेवटी दोन्ही ठेवल्या. पडवीत आणि कुडाळच्या दुकानात काच, लांबच्या प्रवासाला पेट. आगळ तापवून भरायचं नसतं म्हणून पेट चालते. सरबत गरम असताना साध्या पेटमध्ये ओतलं तर बाटली आकसते, ते आधी थंड करावं लागतं. झाकण प्लास्टिकचं, कारण पत्र्याचं झाकण या मीठ-आंबटापुढे काही महिन्यांत गंजतं. झाकणाच्या आत इंडक्शन सील, हातातल्या छोट्या यंत्रानं चिकटवायचं. सीलच्या आगळाकडच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे आतल्या ॲल्युमिनियमला आंबट लागत नाही.

सील लावलेली पहिली बाटली मुलानं उलटी करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद कोरडा होता. तो कागद त्यानं मला चतुर्थीला दाखवायला जपून ठेवला होता.

चतुर्थीची पडवी

२०२५ मध्ये २७ ऑगस्टला चतुर्थी होती. दोन दिवस आधीच वाडी भरली. पडवीत बाकावर नव्या बाटल्या मांडलेल्या, खाली पाऊचमधली आमसुलं. जुन्या लेबलची एकही बाटली बाहेर नव्हती. जुलैत कुडाळच्या दुकानात दोन्ही लेबलं शेजारी ठेवली होती, तेव्हा गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली की यातलं खरं कुठलं. मुलानं त्याच दिवशी जुन्या बाटल्या परत आणल्या आणि घरात वापरायला काढल्या. बदल करायचा तर एका दिवसात करावा, जुनं आणि नवं एका फळीवर ठेवू नये, हे त्या घरानं स्वतःच्या पैशांनी शिकून घेतलं.

प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर जुन्या लेबलचं छोटं चित्र आणि खाली चारच शब्द: बाटली नवी, आगळ तेच. चिठ्ठ्या कापायला आणि बांधायला घरातली सगळी मुलं लागली होती. फक्त या एका हंगामापुरत्या.

परळहून आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी बाटली उचलली. आधी चिठ्ठी वाचली, मग फट शोधून बाटली उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितलं. मग झाकण उघडायला सांगितलं. नव्या बाटलीचं सील फोडलं तर ती विकता येणार नाही, हे सुनेच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंनी मात्र क्षणभरही न थांबता सील सोललं आणि पळीभर आगळ त्यांच्या तळहातावर घातलं. त्यांनी चाटलं, डोळे बारीक केले, आणि सहा बाटल्या बांधायला सांगितल्या. तेव्हापासून पडवीत चवीची एक उघडी बाटली ठेवायची असं ठरलं. कितीही चांगलं लेबल केलं तरी ही बाटली लागणारच.

सगळं गोड झालं असं नाही. बाटली, झाकण, सील आणि लेबल यांचा खर्च वाढल्यानं किंमत वाढवावी लागली आणि वाडीतल्याच काही जणांनी ते बोलून दाखवलं. त्यांच्यासाठी काकूंनी जुनी रीत चालू ठेवलीय. शेजारी आपली बाटली घेऊन येतात आणि बरणीतून भरून नेतात. त्याला लेबल नाही आणि त्याची किंमतही वाढलेली नाही.

२२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, बऱ्याच तयार खाद्यपदार्थांवरचा कर उतरला. किंमत छापून बसलेल्या उत्पादकांना लेबलांच्या गठ्ठ्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला. या घरानं शिक्क्यातले आकडे बदलले आणि काम पुढे चालू ठेवलं. उरलेल्या बाटल्यांवर जुनी किंमत न झाकता शेजारी नवी मारली.

दिवाळीत कोकणात गेलात तर आगळाची बाटली जरूर घ्या, या घरची किंवा कुठल्याही घरची. घेण्याआधी ती उलटी करून घटकांची ओळ वाचा. आगळ असेल तर तिथे कोकम आणि मीठ हे दोनच शब्द असायला हवेत. तिसरा शब्द दिसला तर तो कशासाठी घातलाय ते दुकानदाराला विचारा. आणि घरी नेलीत की ती खिडकीत ठेवू नका.